फ्लॅशच्या उजेडातली दिल्ली

दिल्लीत स्थायिक झालेल्या कोणत्याही मराठी घरातला जुना अल्बम उघडून पाहा. त्यात दोन जातींचे फोटो हमखास सापडतात. पहिली जात उन्हातली. इंडिया गेट, कुतुबमिनार, लोदी गार्डनमधली सहल, गावाहून आलेल्या आजी-आजोबांना लाल किल्ला दाखवायला नेले तेव्हाचा फोटो. सगळ्यांचे डोळे बारीक आणि कपाळावर आठ्या! दुसरी जात घरातली. बारसे, हळदीकुंकू, मंगळागौरीची रात्र, मखरातला गणपती आणि त्याच्यासमोर दाटीवाटीने बसलेली मंडळी. या फोटोंत मागच्या भिंतीवर प्रत्येकाची काळी कुळकुळीत सावली उमटलेली असते, पुढे बसलेल्या मुलाचा चेहरा पिठासारखा पांढरा असतो आणि दाराशी उभे असलेले लोक अंधारात बुडालेले असतात.

पहिल्या जातीचे फोटो कोणीही काढत असे. दुसऱ्या जातीसाठी फ्लॅश लागे, आणि तो चालवता येणारा माणूसही लागे. आपल्या मंडळींचा दिल्लीतला घरगुती इतिहास चित्ररूपाने जो काही उरला आहे, तो जवळजवळ सगळा फ्लॅशच्या उजेडातला आहे. म्हणून यंदाच्या स्मरणिकेसाठी त्या उजेडाचीच हकिगत लिहायचे ठरवले.

मराठी कॅमेरा दिल्लीत प्रथम गाजला तो मात्र भर उन्हात. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, हे मुंबईतले व्यावसायिक छायाचित्रकार. १८९९ साली त्यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चलच्चित्र घेतले, ते आपल्याकडच्या पहिल्या चित्रीकरणांपैकी एक मानले जाते. हेच सावेदादा १९०३ साली लॉर्ड कर्झनच्या दिल्ली दरबाराचे चित्रीकरण करायला इथे आले होते. जानेवारीतले दिल्लीचे ऊन, हत्ती, अंबाऱ्या, मोकळे मैदान! उजेडाची काही ददात नव्हती. पण त्याच दरबाराच्या रात्रीच्या मेजवान्या टिपायच्या म्हटल्या असत्या, तर सावेदादांसारख्या जाणकारालाही हात टेकावे लागले असते.

कृत्रिम उजेड तोवर नव्हताच असे नाही. मॅग्नेशियम या धातूची फीत पेटवली की डोळे दिपवणारा पांढरा प्रकाश पडतो. १८६४ साली इंग्लंडात आल्फ्रेड ब्रदर्स या छायाचित्रकाराने डर्बीशायरमधल्या एका खाणीत तो वापरला, आणि पुढच्याच वर्षी पियाझी स्मिथ या खगोलशास्त्रज्ञाने इजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडच्या पोटात. १८८७ साली जर्मनीत मीथ आणि गेडिके या दोघांनी मॅग्नेशियमची पूड, पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड मिसळून फ्लॅश पावडर तयार केली. दारूकामाशी परिचय असलेल्यांच्या लगेच लक्षात येईल की हे मिश्रण म्हणजे जवळजवळ फटाकाच. ताटलीत पूड ठेवायची, कॅमेऱ्याचे झाकण काढायचे, बत्ती द्यायची आणि भडका उडाला की झाकण लावायचे. खोलीभर धूर होई, पडदे पेटत, छायाचित्रकारांचे हात भाजत. न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस या पत्रकाराने याच पावडरीने गरीब वस्त्यांतल्या काळोख्या खोल्या प्रथमच जगासमोर आणल्या. आपल्याकडे सार्वजनिक गणेशोत्सव १८९३ साली सुरू झाला, म्हणजे उत्सवाचे आणि या उजेडाचे वय साधारण सारखेच!

धुराची कटकट संपली ती काचेच्या बल्बमुळे. १९२९ साली जर्मनीत ‘व्हॅक्युब्लिट्झ’ नावाचा बल्ब निघाला आणि वर्षभरात इंग्लंड-अमेरिकेतही तसेच बल्ब विकले जाऊ लागले. काचेच्या गोळ्यात प्राणवायू भरलेला, आत धातूचा अगदी पातळ वर्ख. विजेची ठिणगी मिळाली की तो वर्ख क्षणात जळे. धूर नाही, आवाज नाही, पण एक बल्ब म्हणजे एकच फोटो. जळलेला बल्ब चटका बसेल इतका तापलेला असे, तो काढून टाकायचा आणि खिशातला नवा बसवायचा. वृत्तपत्रांचे छायाचित्रकार खिसे भरभरून बल्ब नेत असत.

दिल्लीत या बल्बच्या जमान्याचे नाव घ्यायचे तर होमाई व्यारावाला यांचे घ्यावे लागते. जन्म १९१३ साली नवसारीचा, कुटुंब पारशी, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयात. सुरुवातीला त्यांचे फोटो पती माणेकशा यांच्या नावावर छापून येत, कारण बाई फोटो काढते यावर कोणाचा विश्वास बसत नसे. १९४२ साली दोघे ब्रिटिश इन्फर्मेशन सर्व्हिसेसच्या नोकरीसाठी दिल्लीत आले. अंगावर साडी आणि हातात ‘स्पीड ग्राफिक’ नावाचे धूड! चार बाय पाच इंचांची फिल्म, प्रत्येक होल्डरमध्ये दोनच फोटो, आणि बाजूला मोठ्या सेलचा उभा दांडा, त्यावर चकचकीत ताटली आणि मधे बल्ब. (मुले स्टार वॉर्स पाहत असतील तर त्यांना सांगा, १९७७ च्या पहिल्या चित्रपटात नायकाच्या हातातली ती प्रकाशाची तलवार म्हणजे याच ग्राफ्लेक्स कंपनीच्या फ्लॅशचा दांडा होता.) माउंटबॅटन यांचे प्रस्थान, नेहरूंची शेकडो रूपे, पाहुण्या राष्ट्रप्रमुखांचे स्वागत, दिल्लीतल्या मेजवान्या असे सगळे त्यांनी टिपले. १९७० साली त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो कायमचा. सरकारला जाग यायला चाळीस वर्षे लागली. पद्मविभूषण मिळाले २०११ साली, आणि २०१२ च्या जानेवारीत त्या गेल्या.

याच काळातल्या दोन घटना मला फार महत्त्वाच्या वाटतात. एक पुण्याची, एक दिल्लीची.

१९४६ साली गांधीजी पुण्याला डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्रात राहत होते. ‘लाइफ’ साप्ताहिकाची मार्गारेट बर्क-व्हाइट चरख्यासह त्यांचा फोटो घ्यायला आली. तिने पुढे सांगितलेल्या हकिगतीनुसार आधी तिला सूत कातायला शिकावे लागले. चरखा समजल्याशिवाय चरखा चालवणाऱ्याचा फोटो कसा घेणार, असा त्यामागचा विचार. मग दुसरी अट: गांधीजींना प्रखर उजेडाचा त्रास होतो, तेव्हा फ्लॅशचे बल्ब फक्त तीन. पहिले दोन बल्ब वाया गेले. तिसऱ्याला फोटो मिळाला. आज मोबाईलवर एका मोदकाचे वीस फोटो काढणाऱ्या आपल्या पिढीने तो तिसरा बल्ब लावतानाची तिची मनःस्थिती डोळ्यांसमोर आणून पाहावी.

दुसरी घटना ३० जानेवारी १९४८ ची, बिर्ला हाऊसमधली. आज आपण तीस जनवरी मार्गावर पाहुण्यांना गांधी स्मृती दाखवायला नेतो तीच ही जागा. त्या दिवशी गांधीजींना भेटून गेलेल्यांत बर्क-व्हाइट होती आणि फ्रान्सचा आंरी कार्तिए-ब्रेसाँही होता. गोळ्या झाडल्याची बातमी कळताच दोघेही परतले. बर्क-व्हाइट आत शिरली आणि पार्थिवाच्या खोलीत तिने फ्लॅश उडवला. शोकात बुडालेल्या त्या खोलीत तो लखलखाट लोकांना सहन झाला नाही. तिचा कॅमेरा काढून घेण्यात आला, फिल्म बाहेर ओढून उजेडात निकामी केली गेली. कार्तिए-ब्रेसाँला फ्लॅश मुळातच असभ्य वाटत असे आणि तो कधी वापरत नसे. फाटकापाशी नेहरू उंचावर उभे राहून जमावाला ती वार्ता सांगत होते. त्याने छोट्या लायका कॅमेऱ्याने तिथल्या दिव्याच्या उजेडात जे मिळेल ते घेतले. फोटो हलल्यासारखा आहे, अर्धा अंधार आहे, दिव्याचा फटका वेगळाच पडला आहे. पण त्या रात्रीची दिल्ली पाहायची तर आजही तोच फोटो पाहावा लागतो.

बर्क-व्हाइटची बाजूही मी समजू शकतो, तिचे कामच ते होते. पण आपल्याकडे आरती ऐन रंगात आली असताना एखादा हौशी भाऊ मूर्तीच्या आणि भक्तांच्या मधे उभा राहून एकामागून एक फ्लॅश उडवतो, तेव्हा मला कार्तिए-ब्रेसाँचे म्हणणे पटते. असो.

आता आपल्या पिढीच्या फ्लॅशकडे वळू. अमेरिकेत एमआयटी संस्थेत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३१ च्या सुमारास वायूच्या नळीतून विजेचा झोत सोडून पुन्हा पुन्हा चमकणारा दिवा बनवला. हा इलेक्ट्रॉनिक फ्लॅश. लहान होत होत तो सत्तरच्या दशकात सर्वसामान्यांच्या हातात आला. चार पेन्सिल सेल घालायचे, बटण सरकवायचे. मग डासाच्या गुणगुणण्यासारखा बारीक सूर चढत जाई. आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्ट साठत आणि मागे छोटा तांबडा दिवा लागला की गन तयार. साधे सेल असले की पंधरा-वीस फ्लॅशनंतर तो दिवा लागायला इतका वेळ घेई की वरपक्ष कंटाळून बसून जाई!

दिल्लीत हे सामान मिळण्याचे ठिकाण म्हणजे चांदनी चौकातला कूचा चौधरी. त्या गल्लीत नवे, जुने, दुरुस्त केलेले, परदेशातून कोणाच्या तरी बॅगेतून आलेले असे सगळे मिळे. मंत्रालयात किंवा कुठल्या सरकारी उपक्रमात नोकरीला असलेल्या आपल्या माणसाने बोनसचे पैसे साठवून तिथून रशियन झेनिट किंवा जपानी याशिका आणि सोबत नॅशनल, सनपॅक नाहीतर विव्हिटारची फ्लॅशगन घ्यावी, आणि पुढची पंचवीस वर्षे साऱ्या कॉलनीचा अधिकृत छायाचित्रकार व्हावे, असे सर्रास घडत असे. अशी माणसे प्रत्येक कॉलनीत एक तरी असे. ते स्वतः मात्र कुठल्याच फोटोत नसतात.

त्यांच्या कामात खरी मेख होती ती गणिताची. हाताने चालवायच्या फिल्म कॅमेऱ्याला फ्लॅशचे काहीच कळत नाही. त्यातला प्रकाशमापक फ्लॅश उडण्याआधीचा उजेड सांगतो, म्हणजे निरुपयोगी. सगळा हिशोब माणसाने करायचा. प्रत्येक गनचा एक ‘गाइड नंबर’ असतो. तो म्हणजे अंतर आणि अॅपर्चरचा आकडा यांचा गुणाकार. समजा १०० स्पीडच्या फिल्मला गनचा नंबर मीटरमध्ये २८ आहे. तर माणूस साडेतीन मीटरवर असेल तेव्हा २८ भागिले साडेतीन, म्हणजे ८ चे अॅपर्चर. पाच मीटरवर असेल तर ५.६, सात मीटरवर ४, दहा मीटरवर २.८. फिल्म ४०० ची भरली की नंबर दुप्पट, ५६. अंतर मोजायला पट्टी लागत नाही. आधी चेहऱ्यावर फोकस करायचा, मग लेन्सच्या कड्यावर उमटलेला अंतराचा आकडा वाचायचा, आणि भागाकार करून अॅपर्चर फिरवायचे. सरावलेला माणूस हे पाढ्यासारखे करी. गनच्या पाठीवर तक्ता किंवा फिरती चकती असेच, पण अंधारात ती वाचणार कोण?

याच भागाकारात त्या दाराशी उभ्या असलेल्या काळ्या आकृत्यांचे कारण आहे. अंतर दुप्पट झाले की उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. पुढची रांग साडेतीन मीटरवर आणि मागची पाचवर असेल, तर मागच्यांना निम्माच उजेड. सात मीटरवर, स्वयंपाकघराच्या दारात पदराला हात पुसत उभी असलेली बाई चौथाई उजेडात. त्या दिवसाचे सगळे पुरण जिने वाटले तीच फोटोत ओळखू येत नाही! जाणता छायाचित्रकार म्हणून खुर्च्या मागे-पुढे न मांडता अर्धगोल मांडायला लावी, किंवा गनचे तोंड छताकडे वळवी. सरोजिनीनगर, नेताजीनगर, रामकृष्णपुरम इथल्या सरकारी क्वार्टरची चुना मारलेली पांढरी छते यासाठी उत्तम. उजेड छताला आपटून मऊ होऊन सगळ्यांवर सारखा उतरतो आणि भिंतीवरच्या सावल्याही जातात. फक्त अॅपर्चर साधारण दोन घरे उघडावे लागते. मंडपात ही युक्ती करायला गेले की फजिती ठरलेली. शामियान्याचे लाल-पिवळे कापड आपला रंग सगळ्यांच्या चेहऱ्यांवर उतरवते.

शटरचीही एक अट असे. बहुतेक एसएलआर कॅमेऱ्यांत फिल्मच्या पुढ्यात दोन पडदे असतात. वेग कमी असेल तर पहिला पडदा पूर्ण उघडतो, काही क्षण सगळी फिल्म मोकळी असते, मग दुसरा बंद होतो. वेग जास्त असेल तर दुसरा पडदा पहिल्याच्या पाठोपाठ निघतो आणि फिल्मवरून नुसती फट सरकत जाते. फ्लॅश तर हजारांश सेकंदात संपतो. मग फटीपुरता फोटो येतो आणि उरलेला काळा. झेनिट-ईला म्हणून एक तीसांशचा वेग लावावा लागे, पेंटॅक्स के १००० ला एक साठांश, निकॉन एफएम २ च्या सुधारित आवृत्तीला थेट एक अडीचशांश. याशिका मॅटसारख्या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात पडदे नसून भिंगातच पाकळ्यांचे शटर असल्याने कुठलाही वेग चाले. मात्र त्यावर एक्स आणि एम अशा दोन खुणा असत. एम ही जुन्या बल्बसाठी, कारण बल्ब पेटून पूर्ण तेजाला यायला सुमारे २० मिलिसेकंद लागत आणि शटर तेवढे थांबे. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश लावून खूण एमवर राहिली की शटर उघडेपर्यंत उजेड विझलेला. किती लग्नांचे रोल धुतल्यावर कोरे निघाले असतील, देव जाणे. आणि लग्न काही पुन्हा लावता येत नाही.

गणपतीचा फोटो ही तर वेगळीच परीक्षा. ऐंशीच्या दशकात ‘ऑटो’ गन सर्रास झाल्या. समोरून परतलेला उजेड गनवरचा डोळा मोजतो आणि पुरेसा झाला की फ्लॅश तोडतो. पण चांदीची प्रभावळ आणि आरशाचे मखर समोर आले की त्या डोळ्याला वाटते उजेड भरपूर झाला, आणि मूर्ती काळवंडते. उलट मागे काळा पडदा असेल तर तो उजेड सोडतच राहतो आणि बाप्पा पांढरेफटक! म्हणून जुने लोक मखरासमोर ऑटो बंद करून भागाकारावर येत. शिवाय गन कॅमेऱ्यावरून काढून, लांब वायर लावून कोणाच्या तरी हातात बाजूला उंच धरायला देत. तैलरंगाच्या मूर्तीच्या कपाळावर पडणारा पांढरा ठिपका त्याने टळतो आणि सोंडेला गोलाई येते. समईचा सोनेरी उजेडही हवा असेल तर शटर एक पंधरांशला ठेवायचे. मूर्तीला उजेड फ्लॅशचा, ज्योतीला उजेड तिचा स्वतःचा.

नव्वदीत स्वतःच सगळे करणारे छोटे कॅमेरे आले, मग डिजिटल, मग मोबाईल. त्याबद्दल लिहिण्यासारखे माझ्यापाशी फार नाही. एक सावधगिरी मात्र सांगतो. माळ्यावरची जुनी गन सापडली म्हणून मुलाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर चढवू नका. काही जुन्या गन कॅमेऱ्याच्या संपर्कबिंदूवर दोनशेहून जास्त व्होल्ट टाकतात. जुन्या यांत्रिक कॅमेऱ्याला त्याचे काही वाटत नसे, नव्याचे सर्किट जळू शकते.

गन टिकली नाही तरी चालेल, निगेटिव्ह टिकायला हव्यात. २०१६ साली केंद्र सरकारने दिल्लीतल्या सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर, कस्तुरबानगर, त्यागराजनगर, श्रीनिवासपुरी आणि मोहम्मदपूर. जुनी क्वार्टर्स पाडायला सुरुवात झाली. ज्या खोल्यांत आपल्यातल्या कित्येकांची मुंज, साखरपुडा, पहिला गणपती झाला त्या खोल्याच आता नाहीत. बाहेरून त्या कशा दिसत हे कुठल्याही नकाशात किंवा सरकारी फायलीत मिळेल. आतून कशा दिसत, फडताळ कुठे होते, कूलरची खिडकी कुठली, कॅलेंडर कोणते टांगले होते, हे फक्त त्या सावल्या पडलेल्या फोटोंत आहे.

कुलवंत रॉय या दिल्लीच्या वृत्तछायाचित्रकाराचे उदाहरण बोलके आहे. स्वातंत्र्यलढ्यातल्या पुढाऱ्यांचे असंख्य फोटो त्यांनी घेतले. १९५८ नंतर ते जगप्रवासाला गेले आणि काढलेल्या निगेटिव्ह टपालाने घरी पाठवत राहिले. परतले तेव्हा कळले की पार्सले पोचलीच नाहीत. १९८४ साली ते गेले, तेव्हा उरलेले खोके छायाचित्रकार आदित्य आर्य यांच्याकडे आले. ते नीट उघडून लावायला पुढे वीसेक वर्षे गेली आणि आत इतिहास निघाला. त्याच आर्य यांच्या पुढाकाराने २०१९ साली गुरुग्रामच्या सेक्टर २८ मध्ये ‘म्युझिओ कॅमेरा’ हे संग्रहालय उघडले. वर वर्णन केलेल्या काळातले कॅमेरे आणि फ्लॅश तिथे पाहायला मिळतात. एनसीआरमध्ये राहून ते न पाहणे म्हणजे पुण्यात राहून केळकर संग्रहालय न पाहण्यासारखे आहे.

तुमच्या घरी निगेटिव्हच्या पट्ट्या असतील तर त्या आधी माळ्यावरून खाली आणा. मे-जूनमध्ये दिल्लीच्या माळ्यावर भट्टी असते. डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म सडू लागली आहे असे समजा. त्या पट्ट्या बाकीच्यांपासून लगेच वेगळ्या करा आणि आधी त्यांचे स्कॅनिंग करून घ्या. रंगीत निगेटिव्हचे रंग उडतात, कृष्णधवल जास्त टिकतात, तेव्हा घाई रंगीतची करा. प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत, कागदी पाकिटे वापरा. आणि घरातली वडीलधारी माणसे आहेत तोवर प्रिंटच्या मागे मऊ पेन्सिलीने नावे लिहून घ्या: पुढच्या रांगेतल्यांची, मागच्या रांगेतल्यांची, दाराशी अंधारात उभ्या असलेल्या बाईचे, आणि फोटो कोणी काढला त्याचेही.